बरड, मोरंड, काळी आणि ट्रॅक्टरचा दांडा

ट्रॅक्टरच्या सीटजवळ, बहुधा उजव्या हाताला, एक आखूड दांडा असतो. तो वर केला की मागचे अवजार उचलते आणि खाली केला की उतरते, एवढे घरातल्या लहान पोरालाही ठाऊक असते. ट्रॅक्टर घरी पोचवणारा माणूसही बहुधा तेवढेच सांगून चहा पिऊन जातो. पण हा दांडा नेमके काय धरून ठेवतो, हे समजून घ्यायचे तर दुकानात बसून भागत नाही. त्यासाठी वर्धा जिल्हा उत्तरेकडून दक्षिणेकडे उतरत यावा. मृगाच्या आधीचे दिवस आहेत असे समजा आणि माझ्याबरोबर कारंजा घाडग्याच्या एस. टी. स्टँडवर उतरा.

कारंजा, आष्टी आणि आर्वी हे तीन तालुके टेकड्यांचे. सातपुड्याचे फाटे इथपर्यंत आले आहेत. सागाची झाडे, उताराची वावरे, मधूनच संत्र्याच्या हिरव्यागार बागा. इंग्रजी अमदानीत या मुलखातल्या जमिनीची प्रतवारी झाली ती काळी, मोरंड, खरडी आणि बरडी अशी. ही नावे आजही जुन्या माणसांच्या तोंडी आहेत. गंमत अशी की एकाच वावरात या साऱ्या भेटतात. टेकडीकडच्या धुऱ्याला टाच मारली तर मुरूम लागतो, आणि नाल्याकडच्या धुऱ्याला पहार अर्धी आत जाते तरी काळीच. अंतर म्हणाल तर शंभर पावलांचे.

हाच मुलूख गवळाऊ जनावरांचा. पांढरी, अंगाने हलकी, चालीने चपळ अशी ही बैलजोडी वखराला जुंपली की मागचा माणूस काय करीत असे ते आठवा. माती मऊ लागली की तो रुमण्यावरचा हात हलका करी. कठीण जागा आली की वखरावर पाय देऊन उभा राही. पास खोल रुतून बैल अडखळले तर चटकन पाय काढून वखर बोटभर वर उचली. “उचल रे, बरड आली!” अशी बापाने मुलाला मारलेली हाक तुमच्यापैकी पुष्कळांनी ऐकली असेल. पायाखाली माती काय म्हणते आणि पुढे बैलांच्या खांद्यावर ओढ किती येते, या दोन्ही खबरा एकाच माणसाला एकाच वेळी मिळत. हा माणूस आता वखरावरून उठून ट्रॅक्टरच्या सीटवर गेला. अवजार त्याच्या पाठीमागे आले, तो पुढे पाहू लागला, आणि पायाचे काम त्या दांड्याकडे आले.

आता ट्रॅक्टरच्या मागे जाऊन उभे राहा. इंजीन बंद असू द्या. खाली दोन लोखंडी दांडे मागे आलेले दिसतील आणि मधोमध वर एक. अवजार या तीन ठिकाणी पिनांनी अडकते. खालचे दोन दांडे ओढतात आणि उचलतात. वरचा, ज्याला टॉप लिंक म्हणतात, तो अवजाराला मागे-पुढे कलू देत नाही. त्याला आटे असतात, तो फिरवून लांब-आखूड करता येतो. खालच्या दांड्यांना उचलणाऱ्या दोन उभ्या काड्यांपैकी निदान उजव्या काडीलाही आटे असतात. अवजार डावीकडे किंवा उजवीकडे झुकले असेल तर ते तिथे सरळ करायचे. उचलायचे काम तेलाच्या दाबाचे, पण उतरवायला तेल जोर लावत नाही. अवजार आपल्याच वजनाने उतरते. म्हणून हलके अवजार कडक जमिनीत दांडा दाबून घुसत नाही. कितीही दाबा, दांडा खाली गेलेलाच असतो. तिथे टॉप लिंक थोडी आखूड करून फाळाचे नाक खाली करावे लागते.

मोठ्या ट्रॅक्टरवर असे दोन दांडे असतात आणि गोंधळ तिथेच होतो. एकाला मी उंचीचा दांडा म्हणतो, दुसऱ्याला ओढीचा. कंपनीची माणसे पोझिशन आणि ड्राफ्ट म्हणतात. रंग व जागा कंपनीगणिक बदलतात, तेव्हा रंगावर न जाता दांड्याजवळची खूण आणि पुस्तिकेतले चित्र पाहा. एक वापरताना दुसरा कुठे ठेवायचा, हेही त्याच चित्रात दिलेले असते. पंधरा-वीस अश्वशक्तीच्या पुष्कळ लहान ट्रॅक्टरांवर मात्र एकच दांडा असतो.

उंचीच्या दांड्याचा गुण संत्र्याच्या बागेत दिसतो. संत्र्याची अन्न घेणारी बारीक मुळे वरच्या थरातच पसरलेली असतात. रोटाव्हेटर चार बोटे जास्त खाली गेला तर ती तुटतात, आणि तुटलेल्या मुळांतून रोग शिरतो. म्हणून बागाईतदार दांडा एका ठरावीक जागी ठेवतो. दांडा सरकतो त्या पट्टीवर एक लहानशी सरकती खुंटी असते. ती आवळून ठेवली की ओळीच्या शेवटी अवजार उचलून पुन्हा सोडले तरी दांडा बरोबर तिथेच येऊन थांबतो. ही खुंटी मी कित्येक ट्रॅक्टरांवर धुळीने गच्च बसलेली पाहिली आहे. तिला दोन थेंब तेल द्या.

तळेगावावरून आर्वी करून खरांगण्याच्या वाटेने आपण वर्ध्याकडे उतरलो की टेकड्या मागे पडतात आणि वावरे लांब होत जातात. वर्धा शहरात मगनवाडीला थोडे थांबा. १९३४ साली स्थापन झालेल्या अखिल भारत ग्रामोद्योग संघाचे काम इथून चाले. मगन संग्रहालय गांधीजींच्या हस्ते ३० डिसेंबर १९३८ रोजी उघडले गेले. जे. सी. कुमारप्पा इथेच राहून बैलाची बाजू मांडीत. बैल शेण देतो, घरचा चारा खातो आणि त्याचा पैसा गावाबाहेर जात नाही, या त्या काळच्या विचारात आजही खोट काढता येत नाही. पण जोडीची किंमत आणि चाऱ्याचा भाव पाहता ज्याच्या दावणीला जोडी नाही त्याला दोष तरी कसा द्यावा? गेल्या काही वर्षांत समाजकल्याणाच्या योजनेतून अनुसूचित जाती व नवबौद्धांच्या बचत गटांना ९ ते १८ अश्वशक्तीचे मिनी ट्रॅक्टर मिळाले. ज्या घरात कधी बैलजोडी उभी राहिली नाही त्या घरापुढे ट्रॅक्टर उभा राहिला. अशा घरात वखरावर पाय देणारा आजा नसतो, म्हणून दांड्याची समज अधिकच हवी.

आता थोडे परदेशात जाऊ. हा तीन जागी अडकवण्याचा शोध आयर्लंडच्या हॅरी फर्ग्युसनचा. पहिल्या महायुद्धात धान्य वाढवण्यासाठी तिकडे ट्रॅक्टर आले, तेव्हा त्यांच्या कामावर देखरेख करायची जबाबदारी त्याच्याकडे आली. त्या काळी नांगर ट्रॅक्टरमागे साखळीने किंवा आकड्याने बांधत. फाळ दगडाला अडला की चाके फिरतच राहत, ट्रॅक्टरचे तोंड वर उचले, आणि कधी कधी तो चालवणाऱ्याच्या अंगावर मागे उलटे. माणसे मेली. फर्ग्युसनने नांगर ट्रॅक्टरचाच एक अवयव केला. ओढ वाढली की नांगर आपोआप थोडा वर यावा, या युक्तीचे पेटंट त्याला १९२६ साली मिळाले, आणि १९३६ साली असा ट्रॅक्टर इंग्लंडात विकला जाऊ लागला. त्याच वर्षीच्या एप्रिलमध्ये गांधीजी इथून जवळच्या सेगावात, म्हणजे आजच्या सेवाग्रामात, राहायला आले. १९३९ साली हेन्री फोर्डच्या कारखान्यातून ही जोडणी असलेले ट्रॅक्टर बाहेर पडू लागले. पुढे मद्रासेत १९६० साली स्थापन झालेल्या टॅफे कंपनीने मॅसी फर्ग्युसन ट्रॅक्टर आपल्याकडे बनवले. त्या नावात तो फर्ग्युसन अजून आहे.

युक्ती अशी. नांगर चालू असताना माती त्याला खाली मागे ओढते, म्हणून त्याचा वरचा भाग पुढे रेटला जातो आणि टॉप लिंक ट्रॅक्टरवर दाब देते. पुष्कळ ट्रॅक्टरांत त्या जागी एक जाड स्प्रिंग असते. बरड आली, दाब वाढला, स्प्रिंग दबली की तेलाचा झडपा उघडतो आणि नांगर थोडा उचलला जातो. त्याबरोबर नांगराचे वजन मागच्या चाकांवर येते आणि चाके घसरायची थांबतात. मऊ माती आली, दाब कमी झाला की नांगर पुन्हा खाली. म्हणजे वखरावरचा पाय काढणारा माणूस त्या स्प्रिंगमध्ये बसलेला आहे. नांगरणीला, पंजी मारायला, उताराच्या खरडी-बरडी जमिनीला हा ओढीचा दांडा चांगला. इंजीन दबत नाही, डिझेल वाचते, फाळ मोडत नाहीत.

पण त्याची किंमत लक्षात घ्या. हा दांडा ओढ सारखी ठेवतो, खोली सारखी ठेवत नाही. नाल्याकडच्या काळीत नांगर वीतभर जाईल आणि धुऱ्याच्या मुरमात चार बोटेच. नांगरणीला ते चालते. पेरणीला चालत नाही.

देवळीच्या वाटेवर सेलसुऱ्याला कृषी विज्ञान केंद्र आहे. ते पाहून वायगावच्या वाटेने हिंगणघाट-समुद्रपूरकडे आलो की आपण खऱ्या काळीत उतरतो. वणा नदीचा हा पट्टा. हिंगणघाटचा कापूस एके काळी विलायतेपर्यंत नावाजलेला होता. आज पऱ्हाटीच्या जोडीला सोयाबीन आणि तूर आहे. ही माती उन्हाळ्यात इतकी भेगाळते की हातातली काठी आत जाते, आणि पावसात इतकी चिकटते की वहाण निघत नाही. मधले जे दोन-तीन दिवस वापसा असतो त्यात सारा गाव एकदम पेरणीला निघतो. ट्रॅक्टर भाड्याचा असेल तर चालवणाऱ्याला घाई, कारण पुढच्या वावरात दुसरा वाट पाहत असतो.

सोयाबीनचे बी तीन ते पाच सेंटिमीटर खोल पडावे, आणि पेरणी ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस झाल्यावर करावी, अशी शिफारस आहे. बी नाजूक, साल पातळ. फार खोल गेले आणि वर सर येऊन पापुद्रा धरला की कोंब आतच वाकडा होतो. वर राहिले तर उघडीप पडताच सुकते. एकराला तीस किलो बी लागते. ते परत घ्यायचे म्हणजे दुबार पेरणी. मग सावकाराचे दार आले, किंवा घरधनिणीच्या गळ्यातले काही गेले. पेरा नीट पडला की नाही याची खबर पहिल्यांदा तिलाच लागते, कारण निंदायला तीच जाते. तास मधे तुटलेले दिसले की ती बियाण्याच्या पिशवीला दोष देते. बियाणे वाईट निघतेही, नाही असे नाही. पण कधी कधी दोष त्या दांड्याचा असतो.

तो कसा, ते पाहा. पेरणीला चालवणारा उंचीचा दांडा एका जागी पक्का करतो आणि निर्धास्त होतो. पण हा दांडा अवजाराची उंची ट्रॅक्टरपासून मोजतो, जमिनीपासून नाही. काळीच्या ओल्या भागात मागची चाके दोन बोटे रुतली की अवजारही दोन बोटे खाली गेले, बी तेवढे खोल पडले. पुढचे चाक जुन्या वरंब्यावर चढले की ट्रॅक्टरचे तोंड वर आणि मागचे फण खाली. खाचेत उतरले की उलटे. एका टायरात हवा कमी असेल तर एका बाजूचे फण खोल आणि दुसऱ्या बाजूचे वरवर, साऱ्या वावरभर. दांडा मात्र एका जागी पक्का असतो, म्हणून कुणाला शंका येत नाही.

पेरणी यंत्राला, रुंद वरंबा सरीच्या यंत्रालाही, खोली धरणारी चाके असतात ती यासाठीच. ती जमिनीवर टेकून चालली पाहिजेत. चाकांची उंची पानांनी पक्की करायची, आणि चालताना दांडा पूर्ण खाली सोडून द्यायचा, म्हणजे यंत्र आपल्या चाकांवर तरंगत जाते आणि ट्रॅक्टरच्या उठबशीचा त्रास त्याला फारसा होत नाही. बाजूच्या साखळ्या किंवा पट्ट्या आवळून घ्या, नाहीतर यंत्र डावी-उजवीकडे झोले खाते आणि तासे वाकडी होतात. नांगराला मात्र त्या जरा सैल बऱ्या. ज्या पेरणी यंत्राला अशी चाके नाहीत ते स्वस्त मिळाले तरी काळीच्या माणसाने दोनदा विचार करून घ्यावे, असे माझे मत आहे.

पऱ्हाटीच्या दोन ओळींत लहान ट्रॅक्टरने डवरणी करतात तिथेही हेच. डवरे उथळ चालले पाहिजेत, तण कापावे आणि पऱ्हाटीच्या मुळांना धक्का लागू नये.

तुमच्या लहान ट्रॅक्टरवर एकच दांडा आहे तर तो कोणत्या जातीचा, हे घरीच पाहता येते. अंगण मोकळे करा, पोरेबाळे लांब ठेवा. अवजार जमिनीवर टेकलेले असताना इंजीन सुरू करून दांडा अर्ध्यावर आणा. अवजार अर्ध्या उंचीवर येऊन आपोआप थांबले तर तो उंचीचा दांडा. दांडा हातातून मधल्या जागी परत आणेपर्यंत ते चढतच राहिले, तर ती नुसती वर-खाली करणारी कळ आहे. तिच्यावर नेमकी खोली ठेवता येत नाही. अशा ट्रॅक्टरवर अवजाराला खोली धरणारी चाके किंवा घसरपट्ट्या हव्यातच. मग अवजार पूर्ण उचलून इंजीन बंद करा आणि दुरून पाहत राहा. ते पाच-दहा मिनिटांतच ठळकपणे खाली आले तर आत तेल गळते आहे. रबराच्या कड्या झिजल्या असतील. उचलताना हिसके बसत असतील तर आधी तेलाची पातळी पाहा. पुष्कळ ट्रॅक्टरांत गिअरचे आणि लिफ्टचे तेल एकच असते, आणि ते कमी असले की उतारावर पंप हवा ओढतो. सीटखाली पुढच्या बाजूला एक गोल बटण असते, त्यावर बहुधा सशाचे आणि कासवाचे चित्र. ते उतरण्याचा वेग ठरवते. जड रोटाव्हेटर धाडकन आपटत असेल तर ते कासवाकडे फिरवा.

लहान ट्रॅक्टरवर आणखी एक पथ्य आहे. पंधरा-वीस अश्वशक्तीचे पुष्कळ ट्रॅक्टर साडेसातशे-आठशे किलो उचलू शकतात असे छापलेले असते, पण ते माप खालच्या दांड्यांच्या टोकाशी घेतलेले. अवजार जितके लांब मागे पसरलेले तितके ते कमी उचलते, आणि पुढची चाके हलकी होतात. धुरा चढताना तोंड उचलले जाऊ लागले की अवजार खाली आणा आणि पुढे वजनाच्या पट्ट्या बसवा. चिखलात रुतलेला दुसरा ट्रॅक्टर किंवा लाकडाचा ओंडका ओढायचा असेल तर दोर टॉप लिंकच्या जागी कधीच बांधू नका. खालच्या ओढपट्टीलाच बांधा. वर बांधून ओढले की पुन्हा तोच फर्ग्युसनच्या आधीचा काळ येतो, ट्रॅक्टर मागे उलटतो, आणि अंगाखालून निसटायला क्षणभराचाही वेळ मिळत नाही.

आणि वखराची एक जुनी सवय इथे आणू नका. वखर हलका पडला की वर पोराला बसवायचे, ते मजेने बसत असे. पेरणी यंत्रावर किंवा पंजीवर वजन म्हणून माणूस, त्यातून लेकरू, बसवू नये. बैल “हो” म्हटले की थांबत. ट्रॅक्टर चालवणाऱ्याला मागची हाक इंजिनाच्या आवाजात ऐकूच येत नाही. वजन हवे तर मातीचे पोते बांधा. उचललेल्या अवजाराखाली हात घालायचा असेल, फण बदलायचा असेल, तर खाली लाकडाचा जाड ठोकळा ठेवल्याशिवाय घालू नका. लिफ्ट कितीही नवी असो, शेजारी उभ्या असलेल्या पोराने दांड्याला हात लावला की ती उतरते. त्यासाठी इंजीन सुरू असावे लागत नाही.

पेरणीच्या दिवशी ट्रॅक्टर भाड्याचा असला तरी एवढे करा. पहिले एक तास झाले की चालवणाऱ्याला थांबवा. तो कुरकुरेल, करू द्या. धुऱ्याजवळ, मधे, आणि नाल्याकडे अशा चार-पाच जागी बोटाने माती उकरून बी काढा आणि किती खोल सापडले ते पाहा. दोन ते अडीच आडव्या बोटांवर ते सगळीकडे सापडले पाहिजे. एका बाजूला खोल आणि दुसऱ्या बाजूला वर सापडले तर आधी टायरातली हवा पाहा आणि मग उजव्या काडीचे आटे फिरवा. पुढचे फण खोल आणि मागचे वर असतील तर टॉप लिंक थोडी लांब करा. नाल्याकडे सगळेच खोल गेले असेल तर यंत्राची चाके जमिनीवर टेकली आहेत का पाहा. ती हवेत फिरत असतील, म्हणजे दांडा पूर्ण खाली सोडलेला नाही. पुन्हा एक तास घ्या, पुन्हा उकरा. मग बाकीचे वावर त्याला मोकळे करून द्या.